यमुनाशुद्धीची सुसर

फरीदाबादच्या त्या टॉवरवाल्या सोसायटीत एक तलाव होता. ब्रोशरमध्ये त्याला 'लेक' म्हटलं होतं, वारा उलटा फिरला की रहिवासी त्याला 'नाला' म्हणत. मे महिन्यात एका सकाळी त्याच्या काठावर मगरीसारखं काहीतरी ऊन खात पडलेलं दिसलं, आणि लोकांचे नाश्ते आटोपायच्या आत सोसायटीचे अध्यक्ष श्रीरंग पाठारे यांनी जाहीरही करून टाकलं की यमुना इतकी स्वच्छ झाली आहे की घडियाल परत आले.

यमुना तिथून दोन वस्त्या आणि एक हायवे सोडून पलीकडे होती. घडियालने हायवे कसा ओलांडला, हे कुणी विचारलं नाही. पाठारे दिल्लीतच जन्मले-वाढलेले, एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागातून निवृत्त झालेले. नंतर बरीच वर्षं त्यांच्याकडे प्रसिद्धी द्यायला काही नव्हतं. आता होतं.

सहाव्या मजल्यावर मयुरा दाबके भाड्याने राहायची. मूळची पुण्याची, इथल्या एका खाजगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. पीएच.डी.साठी तिने अर्जेंटिनाच्या दलदलीत केमनच्या मागे चिखल तुडवला होता. केमन म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मगरी. भारतात त्या नाहीतच, त्यामुळे परतल्यापासून तिची विद्या पडूनच होती. बाल्कनीतून तिने दुर्बीण लावली. आखूड, रुंद तोंड. दोन डोळ्यांच्या मधोमध हाडाची आडवी कड, चष्म्याच्या दांडीसारखी. चष्मेवाला केमन! एवढे समुद्र ओलांडून तो तिच्या खिडकीखाली येऊन पडला होता. तिला हसावं की रडावं कळेना.

ती चपला अडकवून खाली धावली.

"काका, हे घडियाल नाही. घडियालचं, म्हणजे आपल्या सुसरीचं तोंड लांब, चिमट्यासारखं असतं. हा केमन आहे, ॲमेझॉनकडचा. कुणीतरी पिल्लू असताना चोरून आणला असणार आणि आता सोडून दिला."

पाठारेंनी तिला बाजूला घेतलं. "अगं, हळू बोल. आपल्या भागातले नेताजी येतायत रविवारी, घडियाल बघायला. बॅनर छापून झालेत."

"पण तोंड बघा ना त्याचं!"

"अच्छा, तोंडाचं काय? लहान असेल अजून. वाढेल."

उपाध्यक्ष अंशुमन बत्रा शेजारीच उभा होता. घडियालची कल्पना मुळात त्याचीच. तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, नेचर का मामला है, नाम में क्या रखा है?"

मयुराने एका खात्याला फोन लावला. तिथे सांगितलं, प्राणी परदेशी आहे, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या खात्याने सांगितलं, देशात शिरताना कळवायला हवं होतं, आता तो आतला झाला. शेवटी गुरुग्रामजवळच्या एका प्राणी बचाव केंद्राने सोमवारी गाडी पाठवतो म्हटलं.

तोवर ती रोज काठावर जाऊन बसायची. जमलेल्या बायाबापड्यांना सांगायची, की इतर मगरींची चांगली कातडी संपत आली तेव्हा शिकारी या बिचाऱ्यांच्या मागे लागले. अर्जेंटिनात ती राहिली त्या भागात मात्र गंमत झाली. पूर्वी केमन मारणारी गावं आता त्यांची घरटी राखतात. अंडी तिथल्या एका उबवण केंद्राला विकतात, ते केंद्र पिल्लं वाढवून त्यातली काही पाण्यात परत सोडतं. दलदल राहिली तर घरटी राहतील, म्हणून तिथले लोक दलदल बुजवू देत नाहीत.

"बिल्कुल सही," एक बाई म्हणाल्या. "हमारी भी दलदल ही थी यहाँ. उसी पर तो टॉवर बने हैं."

शुक्रवारी मयुराच्या लक्षात आलं की केमन गवत ओढतो आहे. माळ्याने कापून टाकलेली हिरवळ, पालापाचोळा, स्टेजच्या सजावटीचे झेंडू, सगळं तोंडाने आणि पायांनी रेटून काठावर ढीग रचला जात होता. ती मादी होती. हा पाला कुजला की त्यातून ऊब येते, त्या उबेत अंडी वाढतात, आणि ऊब किती यावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं. मयुराने पाठारेंना हात जोडून सांगितलं, "काका, स्टेज हलवा. अंडी राखणारी आई कुणाचं ऐकत नाही."

"माझी आई तरी कुठे ऐकायची? त्या ढिगाला रिबन बांधू, देखावा छान होईल."

रविवारी नेताजी आले. मकर हे गंगेचं वाहन आहे असं भाषणात सांगून त्यांनी हार उचलला आणि कुणाला कळायच्या आत रिबन ओलांडून ढिगापाशी गेले. केमनने तोंड उघडून लांबलचक फुत्कार सोडला आणि झेप घेतली. चावा हारालाच बसला, पण नेताजी मागच्या मागे तलावात. पळापळ झाली. त्या गोंधळात खुर्च्यांमधून एक कळवळलेला आवाज आला, "रानी! नहीं बेटा! छोड़ दे, रानी!"

सगळे वळले. अंशुमनच्या आई होत्या. "बाथटब में पाला है हमने," त्या रडतच सांगू लागल्या. "सर्दियों में गीज़र चलाते थे इसके लिए. बाथरूम तुड़वाया, तो अंशु बोला लेक में रख देते हैं."

अंशुमन फोन कानाला लावून पार्किंगकडे चालू लागला. फोन लागलेला नव्हता.

मयुराला त्याचा संताप आला, पण त्या म्हातारीचा येईना. सबंध सोसायटीत त्या जनावराला बघून डोळ्यांत पाणी आलेली तेवढी एकच बाई होती. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आंटी, अंडों में बच्चे तो होंगे ही नहीं, नर था नहीं," तिने हळूच सांगितलं. बत्राआंटी जास्तच रडल्या.

सोमवारी गाडी आली. मयुराने स्वतः केमनच्या डोळ्यांवर ओला कपडा टाकला, तोंडाला पट्टी बांधली आणि कॉलेजला सुट्टी टाकून गाडीत मागे बसून गेली. केंद्रात तळं होतं, हिवाळ्यासाठी उबदार खोली होती, आणि केमनबद्दल माहिती असलेलं कुणीच नव्हतं. त्यांनी विचारलं, शनिवार-रविवार याल का? ती बऱ्याच दिवसांनी मनापासून हो म्हणाली.

संध्याकाळी ती घरी परतली, तेव्हा पाठारे लिफ्टपाशी थांबले होते. उदास असतील असं तिला वाटलं होतं. त्यांचे डोळे तर चमकत होते.

"मयुरा, पेपरात आलं बघ. 'नेताजींनी स्वतः यमुनेत उतरून केली पाहणी.' यार, फोटो काय आलाय!"