सहाशे फोटोंची चाचणी

प्रफुल सरांना चार माणसांसमोर पाडायचं, हे रंजीता पेंदामने फेब्रुवारीतच ठरवलं होतं. कसं पाडायचं एवढंच बाकी होतं, आणि ती सोय मार्चमध्ये सरांनीच नागपूरहून गाडीत घालून आणली.

तो एक सर्व्हर होता. दहा-बारा वर्षं कुठल्याशा मोठ्या कार्यालयात राबून बाहेर पडलेला, लांबट, लोखंडी, उचलायला दोन माणसं लागणारा. ब्रह्मपुरीच्या वन-निरीक्षण केंद्रात तो टेबलावर ठेवला तेव्हा टेबल करकरलं, आणि चालू केल्यावर त्याच्या पंख्यांनी अशी बोंब मारली की चहा घेऊन आलेली नीलाबाई दारातच थांबली.

"सर, हा कॉम्प्युटर आहे का राइस मिल?"

"वीस कोर आहेत याच्यात, नीलाबाई," केंद्रप्रमुख प्रफुल सर म्हणाले. मग केंद्राची ऑपरेटर असलेल्या रंजीताकडे वळून, "तुझ्या डबड्यात किती? चार."

डबडं म्हणजे रंजीताचा डेस्कटॉप. त्यातला प्रोसेसर दुकानातल्या स्वस्तातल्या प्रोसेसरांपैकी, पण गेल्या वर्षीचा. कोर म्हणजे प्रोसेसरचा काम करणारा हात. सर्व्हरला वीस हात होते, पण संथ. डेस्कटॉपला चारच, पण प्रत्येक हात सर्व्हरच्या हातापेक्षा दुपटीहून चपळ. कुठलं यंत्र बरं, याला एका शब्दात उत्तर नव्हतं. काम हातांत कसं वाटून देता त्यावर ते होतं. रंजीताने हे सांगायला तोंड उघडलं होतं. "ऑपरेटरने ऑपरेटरचं काम करावं," सर म्हणाले, आणि तिने तोंड मिटलं.

केंद्राचं काम सरळ होतं. वैनगंगेपलीकडे, आरमोरीच्या बाजूच्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले होते. त्यांची कार्डं रोज दुपारी बाराच्या जीपने यायची. सहा हजारांच्या आसपास फोटो, त्यातले बहुतेक वाऱ्याने हललेल्या गवताचे. वाघ दिसलेले फोटो वेगळे काढून, कुठल्या पायवाटेने जाऊ नये त्याची यादी छापायची आणि चारच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायची. ज्या गावांत फोनला रेंज नाही तिथे ती यादी संध्याकाळी समाजमंदिराच्या भिंतीवर लागायची. मोहाच्या दिवसांत बाया उजाडायच्या आधी फुलं वेचायला निघतात. त्यांना ती आदल्या दिवशीच कळायला हवी.

फोटो निवडणारा प्रोग्राम रंजीताने लिहिला होता. धानोऱ्याकडच्या आपल्या गावी, एम.एस्सी. झाल्यावर नोकरी शोधत असतानाच्या वर्षात, एका जुन्या लॅपटॉपवर. तो केंद्रात आणून दिला, चालवून दाखवला, आणि दोन महिन्यांनी पाहते तर पहिल्या ओळीतलं तिचं नाव गेलेलं. तिथे प्रफुल सरांचं नाव होतं. सर त्या प्रोग्रामवर पुण्याला भाषण करून आले, सन्मानचिन्ह घेऊन आले, आणि आल्यावर त्यांनी पासवर्ड बदलला. तिने तीनदा विचारलं. दोनदा ते हसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "काऊन एवढी मनाला लावून घेतेस? टीमचं काम आहे. आणि तुझं नाव घातलं असतं तर पुण्यात कोणी वाचलं असतं का?"

शेवटचं वाक्य तिने वहीत तारखेसकट लिहून ठेवलं. रागाने नव्हे. प्रयोगाचं निरीक्षण लिहावं तसं.

सर्व्हर आला त्याच दुपारी तिने पडद्यावर पाहिलं. वीस कोरांच्या वीस पट्ट्या, त्यातली एक काठोकाठ भरलेली, एकोणीस रिकाम्या. प्रोग्राम एका वेळी एकच फोटो घेत होता. का घेत होता ते तिला ठाऊक होतं, कारण तिनेच तसं लिहिलं होतं. जुन्या लॅपटॉपवर दोन फोटो एकदम घेतले की तो थिजायचा. म्हणून तिने वर 'एका वेळी एकच' अशी एक ओळ टाकली होती. ती ओळ बदलली की सगळे हात कामाला लागले असते.

"सर, प्रोग्राम एकच कोर वापरून राह्यला," ती म्हणाली.

"माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही," सर म्हणाले.

हेही तिने वहीत लिहिलं.

डेस्कटॉपवर दीड तासात होणाऱ्या कामाला सर्व्हरवर साडेतीन तास लागू लागले. वर तपासणी, छपाई. चारची एसटी सुटून जायची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका गावच्या बाया यादीशिवाय मोहाला गेल्या आणि वाघिणीपासून पन्नास पावलांवर जाऊन थबकल्या. टोपल्या तिथेच टाकून परत आल्या. कोणाला काही झालं नाही. त्याच दुपारपासून रंजीता प्रोग्रामची स्वतःजवळची जुनी प्रत डेस्कटॉपवर गुपचूप चालवून यादी वेळेवर एसटीत देऊ लागली. या भांडणात तिला बायांचा जीव नको होता. प्रफुल सरांचा मान हवा होता, आणि तो अर्धा नको होता.

त्या गावातून तक्रार गेली. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या संचालक माधवी मॅडमचा फोन आला. सरांनी त्यांना सांगितलं की मशीन उत्तम आहे, मुलीला चालवता येत नाही, तिला बदलावं लागेल. पातळ भिंतीपलीकडे बसून रंजीताने ते ऐकलं. मग मॅडमना चार ओळींचं पत्र लिहिलं: दोन्ही यंत्रांवर तेच सहाशे फोटो, तोच प्रोग्राम, सगळ्यांसमोर. चाचणीला गावचा माणूसही बोलवावा, ही शेवटची ओळ.

गावातून दसरूभाऊ आले. वनसमितीचे अध्यक्ष, सत्तरीचे, पांढरा दुपट्टा, कानात बाळी. भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. नीलाबाईने कूलरमध्ये पाणी ओतलं आणि जायचं सोडून दाराशी बसली.

डेस्कटॉपने सहाशे फोटो नऊ मिनिटांत उरकले. सर्व्हर गुरगुरत बसला. दहा मिनिटं, पंधरा, वीस. एकविसाव्या मिनिटाला थांबला.

"हा मोठा दिसते, पण लई आळशी आहे जी," दसरूभाऊ म्हणाले.

माधवी मॅडम भिंतीकडे पाहत होत्या. तिथे वीस पट्ट्या होत्या. "प्रफुल, हे एकोणीस रिकामे का बसलेत?"

"जुना प्रोसेसर आहे मॅडम. आणि ही रंजीता काहीतरी चुकीचं..."

"मी हात नाही लावला," रंजीता म्हणाली. "सरांची मनाई आहे. प्रोग्राम सरांचा आहे. त्यांनीच उघडून दाखवावा."

ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची सरांकडे सरकवली. सरांनी पासवर्ड टाकला. भिंतीवर ओळी उमटल्या, सगळ्यात वर त्यांचं नाव. ते खाली गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. त्यांची मान लाल होत चाललेली तिला मागून दिसत होती, आणि ती पाहण्यासाठीच ती तिथे उभी राहिली होती.

"ही कसली ओळ?" मॅडमनी बोट केलं. "उंदी. त्यापुढे, होय."

"ते आतलं सेटिंग आहे मॅडम. टेक्निकल नाव."

"आणि हे? पुल्ली? येर?"

"संक्षेप आहेत. इंग्रजी."

दसरूभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "काय म्हटलं बाई? पुन्हा वाचा बरं."

मॅडमनी वाचलं.

"उंदी म्हंजे एक," दसरूभाऊ म्हणाले. "पुल्ली म्हंजे वाघ. येर म्हंजे पाणी. हे गोंडी आहे जी." ते सरांकडे बघून हसले, अगदी आपुलकीने. "भाऊ, तुमाले गोंडी कवापासून येते? आम्हाले कधी सांगितलं नाई."

सरांनी ओळी पुन्हा खाली सरकवल्या.

"इंग्रजी म्हणे," नीलाबाई दारातून म्हणाली.

मॅडमनी रंजीताकडे पाहिलं. केंद्रात घरी गोंडी बोलणारी ती एकटीच होती. रंजीताने वही उघडून टेबलावर ठेवली: जुन्या प्रतीची छापील पानं, पहिल्या ओळीत तिचं नाव, आणि तारखा. मॅडम वाचत असताना तिने वाकून, सरांच्या खांद्यावरून हात नेऊन, 'होय'च्या जागी 'नाही' लिहिलं आणि प्रोग्राम सुरू केला.

वीसही पट्ट्या एकदम भरल्या. एक मिनिट चोवीस सेकंदांत सर्व्हरने सहाशे फोटो संपवले. मग तिने डेस्कटॉपवरही तोच बदल केला. दोन मिनिटं एकतीस सेकंद. चारही आकडे तिने फळ्यावर लिहिले, कुठल्या यंत्राला किती वीज लागते तेही लिहिलं. सरांचं यंत्र खोटं ठरवण्यात तिला रस नव्हता. यंत्र या कामाला उत्तम होतं, आणि ते समोर असूनही सरांना महिनाभर कळलं नव्हतं. हे फळ्यावर राहू द्यायचं होतं.

मॅडम दार लावून सरांशी वीस मिनिटं बोलल्या. बाहेर आल्यावर त्या रंजीताला म्हणाल्या, "प्रोग्रामवर तुमचं नाव आजच घाला. पुण्याला मी लिहिते. प्रफुलचं नाव तुमच्या खाली ठेवायचं का? तो म्हणतो, त्याने मार्गदर्शन केलं."

"नाही," रंजीता म्हणाली.

"विचार करून सांगा. त्याची बदली होतेच आहे, तेलंगणाच्या सीमेवर सिरोंच्याला, आपल्या सामानाच्या डेपोला."

"केलाय, मॅडम."

संध्याकाळी सर पिशवी घेऊन व्हरांड्यात आले. बराच वेळ चपलेचा पट्टा लावत राहिले.

"एवढ्या लोकांसमोर करायची गरज होती का, रंजीता? मले एकटं सांगितलं असतं."

"एकटं तीनदा विचारलं, सर."

"माझी पोरं शाळेत आहेत इथी. सिरोंच्याला कोण ओळखते मले?"

त्यांची कीव येते का, हे तिने नीट तपासलं. आली नाही. गेल्या सव्वा वर्षात पहिल्यांदाच तिला मोकळं वाटत होतं, आणि ते वाटणं तिला कोणाशी वाटून घ्यायचं नव्हतं.

"तिकडे तेलुगू बोलतात, सर," ती म्हणाली. "या वेळेस शिकून घ्या."