गाठ नसलेला दोरा

...काहीतरी कडक, हरभऱ्याएवढं. कमळीच्या फ्रॉकची किनार पिळताना बोटांखाली आलं, सरकलं, पुन्हा आलं. शेवंतानं टाका दातानं तोडला आणि तळहातावर तांब्याचा ताईत पडला. त्याला अंगाऱ्याचा वास होता. मरीआईचा. वर्षभर विसरायचा म्हटला तरी न विसरलेला.

"आटप गं शेवंता, पाणी जाईल," मागून नळाच्या रांगेतली सुंदराबाई म्हणाली.

तिनं मूठ मिटली. सगळ्या मजल्यानं गेल्या वर्षी एकदमच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, जुने देव पुजणार नाही अशी शपथ घेऊन. हे कुणी पाहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण शिवलं कुणी? बोटात अडकलेला दोरा तिनं उजेडात धरला. गिरणीचं कोरं सूत, दुहेरी, आणि शेवटाला गाठ नाही, नुसता पीळ. गिरणीत सूत कातणारी रिंगखात्यातली माणसं तुटलेला धागा असाच सांधतात. तिचा नवरा भिवा सदऱ्याचं बटणही असंच लावायचा, ते दोन दिवसांत निघायचं आणि ती त्याला हसायची...

भिवानं. हा नवा फ्रॉक घेऊन चार दिवसांपूर्वी इस्पितळात तोच तर आला होता, पोरीला घरी आणायला.

आईनं लग्नात ओटीत घातलेला मरीआईचा टाक दादरच्या समुद्रात सोडायला त्यानंच लावला होता. "तुझ्या हातानं सोड," म्हणाला, आणि तिनं सोडला. धम्म तिला पुढं हळूहळू कळला. त्या दिवशी तिनं फक्त या माणसावर विश्वास ठेवला होता. आणि मग घटसर्प... कमळीच्या गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, अकरा दिवस भरवसा नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती त्याला म्हणाली होती, "एकदाच हात जोडते. मनातल्या मनात." तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "मग शपथ कशाला घेतलीस?" त्यानंतर ती बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसायची, आपसूक जुळू नयेत म्हणून. पोर गेली असती तर या दाबलेल्या हातांना तिनं जन्मभर माफ केलं नसतं. आणि तो? तो तेव्हा कुठल्या देवळात उभा होता? मला बोलण्याआधी की बोलून झाल्यावर? नवस केला याचा राग नव्हता तिला. पोटच्या पोरीसाठी कुणीही करेल. पण मग मला का एकटीला ठेवलंस रे — मीही आलेच असते की तुझ्याबरोबर.

खोलीत कमळी उशाला टेकून पडली होती. हृदय नाजूक झालंय, अजून महिनाभर उठवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईत पाहून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आये, ते माझंय. बानं शिवलंय. तुला सांगायचं नाही म्हणाला, तू रागावशील."

मी रागावेन. शेवंताला हसू आलं.

मोरीपाशी जाऊन तिनं हात पुढं केला. टाकून द्यायचं, संपलं. मागं पोरीचा श्वास ऐकू येत होता, किंचित घरघरणारा... मूठ उघडली नाही. दुपारी फ्रॉक वाळल्यावर तिनं ताईत होता तिथंच शिवला, काळ्या दोऱ्यानं, आणि शेवटाला गाठ मारली, बोटाला लागेल अशी. फ्रॉक कमळीला घातला.

गिरणीतली पाळी संपवून भिवा आला. त्याला सभेला जायचं होतं. गॅलरीत शेजारचा कुशाबा पोरीची चौकशी करत होता.

"औषधानं वाचली," भिवा म्हणाला. "दुसऱ्या कुणाचे उपकार नाहीत."

कालपर्यंत हे ऐकताना तिला अभिमान वाटायचा.

तो आत येऊन कमळीजवळ बसला. फ्रॉकची किनार सारखी करता करता त्याचा हात थांबला. अंगठा त्या गाठीवरच फिरत राहिला.

"चहा घेताय ना?" तिनं विचारलं.

"अं... हो."

त्यानं मान वर केली नाही. तो कधी घाबरतो याची ती दुपारभर वाट पाहत होती. आता त्याची वाकलेली मान दिसत होती आणि तिला काहीच मिळालं नव्हतं. तिनं स्टोव्हवर चहा चढवला आणि हातातला कप खाली ठेवला. हात मोकळे झाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते कुणीही धरून ठेवलेले नव्हते. जोडावेसे वाटले. पण समोर कुणी नव्हतं. मरीआई तिनं स्वतः समुद्रात सोडली होती, आणि या माणसावरचा विश्वासही...

चहा उतू जाऊ लागला तरी ती तशीच बसून राहिली.