अक्कानं नाव घेतलं

आमच्या घरात एक नाव आम्ही बायका कधी उच्चारत नव्हतो. माझ्या सासऱ्यांचं. इथंही लिहिणार नाही, उगाच गळ घालू नका. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, मुलगा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याला आजोबांचंच नाव ठेवलं. झालं! पोटच्या पोराला नावानं हाक मारायची सोय राहिली नाही. मग तो घरादाराचा अंबू झाला. वडिलांचं नाव पोरावर कसं ओरडायचं, म्हणून पुरुषही अंबूच म्हणायचे. सासरे गेले आणि ते नाव घरात कुणाच्या तोंडी उरलंच नाही.

या अंबूला समुद्रापलीकडे सायगावला एका चेट्टियार सावकारांच्या पेढीत नोकरी लागली. तंजावरचं आम्हां मराठ्यांचं राज्य खालसा होऊन पाऊणशे वर्षं झाली होती, तेव्हा परमुलखात जायचं तर साहेबाचा पासपोर्ट हवा. सायगाव पडलं फ्रेंचांचं, म्हणून वर त्यांचा व्हिसा. बोट चुकली तर जागा दुसऱ्याला जाणार होती. अंबू तीन वर्षांचा असताना भावजी, म्हणजे त्याचे वडील, वारले. तेव्हापासून दारासुरमच्या विणकरांसाठी रेशमाच्या लडी उकलून अक्कानं पोराला कॉलेजपर्यंत नेलं होतं. ती जागा गेली असती तर अंबूपेक्षा तीच जास्त खचली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पासपोर्टच्या चौकशीला कचेरीतला इन्स्पेक्टर आला तेव्हा पुढच्या दाराशी अक्का एकटीच होती. त्यानं मुलाचं नाव विचारलं. अक्का म्हणाली, "अंबू." त्यानं अर्जावरचं नाव मोठ्यानं वाचून विचारलं, "मग हा कोण?" परक्याच्या तोंडून सासऱ्यांचं नाव ऐकताच अक्कानं पदर सावरला, हात जोडले आणि सांगितलं, "ते वैकुंठवासी झाले."

बिचाऱ्यानं ऐकलं तसं लिहून नेलं. अर्जदार मयत!

आमचे हे कचेरीत धावले. तहसीलदार पोट धरधरून हसले, पण सही करेनात. "मेलेल्याच्या नावावर बोटीत चढणारे मी पाहिलेत. आईनंच मेला म्हटलंय, तर आईनंच माझ्यापुढं येऊन नाव सांगावं. उद्या सकाळी."

आमच्या घरातली विधवा बाई देवळाखेरीज कुठं जात नसे, आणि हिनं जायचं कचेरीत! मी आपली अक्कल पाजळली. "अक्का, तमिळांत सांगून टाक. तमिळांत म्हटलेलें देव धरणार नाहीं."

"नांव तें नांव गे," अक्का म्हणाली. "देवास तमिळ येत नाहीं होय?"

"मग नुसती मान हलव."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं भाजी चिरायला घेतली.

सकाळी आम्ही दोघी ह्यांच्या मागून कचेरीत गेलो. माणसं वळूनवळून बघत होती. मी खाली मान घालून चालत होते, ती सरळ समोर बघत. तहसीलदारांनी विचारल्यावर तिनं आधी आडून सांगायचा प्रयत्न केला. मुलाच्या आजोबांचं तेच मुलाचं, वगैरे. तहसीलदार हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, माझी बायकोही असंच सांगते. घरी मी समजून घेतो. इथं काय लिहू?"

अक्का थांबली. मग पदर डोक्यावर घट्ट ओढला, मान वर केली आणि ते नाव घेतलं. पुटपुटली नाही, अडखळली नाही. सबंध नाव, आणि पुढे, "तो माझा मुलगा. जिवंत आहे." लढाया मारलेल्या पूर्वजांच्या गोष्टी आमचे पुरुष जेवताना रंगवून सांगतात. मी तेव्हापासून त्या अर्ध्या कानानंच ऐकते. शूर माणूस मी डोळ्यांनी पाहिलंय. तहसीलदार खुर्चीतून किंचित उठले, नि त्यांनी सही केली.

अंबू जाणार हे ठरलं. पण घरी सासूबाई होत्या. पाट जरा वाकडा मांडला तरी दिवसभर बोलणाऱ्या. मी म्हटलं, कशाला सांगायचं? अक्का सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अत्याबाई, आज कचेरींत मी मामंजींचें नांव घेतलें. काय प्रायश्चित्त तें सांगा."

सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. मी भिंतीला टेकून उभी, आता काय होतं या धास्तीनं.

"घेतलेंस?" त्या म्हणाल्या. "सबंध?"

"सबंध."

"मज ऐकव."

मी भिंत सोडून पुढं आले.

"लग्न होऊन आल्यें ती आजवर मी घेतलें नाहीं," सासूबाई म्हणाल्या. "ते गेले, आणि कोणी घेईनासेंच जाहलें. मज वाटतें, कान विसरतील."

अक्का त्यांच्यापाशी बसली आणि कानाशी वाकून नाव म्हणाली. सासूबाईंनी डोळे मिटले. सुरकुतलेला हात अक्काच्या हातावर ठेवला.

"मोठ्यानें म्हण," त्या म्हणाल्या.

अक्का मोठ्यानं म्हणाली, आणि बाहेर ओसरीवरून अंबूनं ओ दिली.