अँबॅसिडरचा हिटर

चिखलीतल्या वैजनाथरावांच्या अँबॅसिडरला हिटर आहे, ही गोष्ट गावाला वर्षानुवर्षं चेष्टेसाठी पुरली. वडिलांनी ती गाडी डेहराडूनहून बदलून आलेल्या एका फौजी साहेबाकडून घेतली, तेव्हा डॅशबोर्डखालचा तो काळा डबा तिच्यासोबतच आला. मे महिन्यात स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागतं त्या मुलखात हिटर! पंजाबराव मिस्त्री तर म्हणायचा, "वैजनाथभाऊ, त्याच्यावर पापड भाजत जा." डबा कधी चालला नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

यंदा अडलं. त्यांच्या बायकोचं, शरयूबाईंचं हृदय थकलं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी वैजनाथरावांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. दोन-दोन मोजे, वर शाल, तरी बायकोचे तळपाय गार ते गारच. रोज संध्याकाळी वैजनाथराव ते पाय मांडीवर घेऊन चोळत आणि विचारत, "आता?" "हाव, बरं वाटून राह्यलं," त्या म्हणत. ते खोटं असायचं आणि दोघांनाही ते माहीत असायचं.

त्यांना आता एकच हवं होतं. जानेवारीत हिवरा आश्रमाला महाप्रसादाच्या पंगतीत बहिणीशेजारी बसायचं. धाकटी वंदना हिवऱ्यातच दिलेली. लग्नं झाल्यापासून दोघींची एक पंगत चुकली नव्हती. पुरी आणि वांग्याच्या भाजीबरोबर वर्षभराची गाऱ्हाणी सांगून दोघी मोकळ्या व्हायच्या. शेजाऱ्यांनी आपली नवी गाडी देऊ केली, तिच्यात चालता हिटर होता. शरयूबाई ऐकायला तयार नाहीत.

"त्या डबीत माहा जीव गुदमरते. नवरी होऊन ज्या गाडीत आली, तिच्यातच जाईन. पाय तरी पसरता येतात."

मग वैजनाथराव हात धुऊन हिटरच्या मागे लागले. त्यांनी आणि पंजाबरावानं डबा खाली काढला. आतल्या जाळीत गंज साचला होता आणि पंख्यात उंदरानं संसार थाटला होता. हिटर म्हणजे तरी काय, इंजिनचं गरम पाणी जाळीतून फिरवायचं आणि मागून पंखा लावायचा. जाळी धुतली, रबरी पाइप बदलले, पंख्याला दुसरी मोटर बसवली. गाडी सुरू करून बराच वेळ फिरवली. वैजनाथरावांनी समोर हात धरला. वारा आला, पण कोमट म्हणायलाही लाज वाटावी असा.

"आता काऊन नाही होत गरम?" ते पंजाबरावावर खेकसले. पंजाबरावानं पाइप पुन्हा चाचपून पाहिले.

वैजनाथरावांची नजर तापमानाच्या काट्यावर गेली. काटा अगदी तळाला होता. या काट्याचा त्यांना केवढा अभिमान! भर उन्हाळ्यात घाट चढली तरी माझी गाडी तापत नाही, असं ते चारचौघांत सांगत.

"पंजाब, याचा थर्मोस्टॅट कुठं हाये?"

"कवाच काढून फेकला ना आपण! आपल्याकडं कोन ठेवते तो?"

खरंच होतं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटीशी झडप. उन्हाळ्यात पाणी उकळू नये म्हणून इकडचा प्रत्येक मिस्त्री आधी तीच काढून टाकतो. इंजिन पुरतं तापतच नव्हतं, तर हिटर कुठून तापणार?

"कधी थंडी वाजंल, हे डोक्यातच नाही आलं बे," वैजनाथराव म्हणाले. त्यांचा आवाज पार पडला होता. अकोल्याच्या भंगार बाजारातून पंजाबराव स्वतः झडप शोधून घेऊन आला.

ती बसवल्यावर काटा मधोमध आला. शरयूबाईंनी मोजे काढून डब्यासमोर पाय धरले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अव माय! हे पाय माहेच हायेत असं वाटून राह्यलं."

महाप्रसादाच्या सकाळी हरभऱ्याच्या शेतांवर धुकं होतं. शरयूबाई पुढच्या सीटवर, डब्याकडे पाय करून, शालीत गुरफटून बसल्या. "वंदीले जागा धराले सांगतलं ना?" त्यांनी दोनदा विचारलं आणि मग त्यांचा डोळा लागला. कित्येक महिन्यांत त्या अशा निवांत झोपल्या नव्हत्या. वाटेत चहाला थांबताना वैजनाथरावांनी इंजिन चालूच ठेवलं. वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखे ऊन होते. उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. ते एकटेच चहा प्याले आणि पुढं तर चक्क गुणगुणत गाडी चालवत राहिले.

हिवऱ्यात वंदना वाटच पाहत होती. तिनं धावत येऊन दार उघडलं, "ताई, चाल, पंगत बसून राह्यली," म्हणत शालीतला हात धरला आणि तो गार लागताच तशीच थिजली.

"भाऊजी... ताई गेली हो."

"काहीच्या बाही बोलू नको. पाय पाह्य तिचे. गरम हायेत."

वंदनानं पायांना हात लावला. पाय खरंच गरम होते. ती तोंडात पदर कोंबून रडू लागली. माणसं जमली. कुणीतरी गाडी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"हात नको लावू!" वैजनाथराव ओरडले.

इंजिन चालूच राहिलं. हिटर घुमत होता. ते सीटवर बायकोकडे सरकले, रोजच्यासारखे त्यांनी तिचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि चोळायला लागले.

"आता?" त्यांनी विचारलं.