किटिओनेची मोटर मान खाली घालते

एक टाळी

किटिओनेच्या मोटरीने मान खाली घातली आणि किनाऱ्यावरचं सगळं गाव वाळूत बसलं.

वारलेल्या किटिओनेची होडी ओंडक्यांवर चढवलेली होती. मागची मोटर वर उचललेली. तिला कुणीही हात लावला नव्हता. होडीच्या पुढच्या टोकाला चटईवर इलिएसा बसला होता, पलीकडच्या बेटावरून आलेला मांत्रिक, अंगभर खोबरेल चोपडलेला. तो यंगोनाची, मुळं कुटून केलेल्या गुंगीच्या पेयाची, वाटी रिकामी करायचा, लोक रीतीप्रमाणे पोकळ हातांनी टाळ्या वाजवायचे आणि मोटर सावकाश, म्हाताऱ्यासारखी वाकायची.

"मेलेला माणूस कुठे राहतो?" इलिएसा विचारायचा. "जिथे त्याचे हात राहिले तिथे. याचे हात मोटरीत राहिले. पाहुणा आलाय, वाटी भरा."

"पाहुणा कुठे पितोय, तुम्हीच पिताय," मागून कुणी पुटपुटलं. त्याला बायकोने कोपर मारलं.

लोसालिनी हसली नाही. ती किटिओनेची बहीण, मोठ्या बेटावरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. टाळ्यांच्या मधल्या फटीत तिला एक बारीक गुणगुण ऐकू आली होती. किटिओने काम करताना नाकातून असाच सूर धरायचा. फळ्यावर आजवर लिहिलेलं सगळं त्या सुराने पुसून टाकलं.

तीन टाळ्या

दुसऱ्या दिवशी इलिएसाने एकेकाला मोटरीसमोर उभं केलं. "ज्याच्यामुळे तो गेला, त्याचं तोंड त्याला बघवणार नाही."

मोटरीने मान खाली घातली ती किटिओनेच्या बायकोसमोर. मेरेओनीसमोर.

गावप्रमुख अपाकुकी वाळूत बोट फिरवू लागले. मग म्हणाले, "शनिवारच्या बोटीने माहेरी जा, पोरी. मुलं इथेच राहतील."

संध्याकाळी मेरेओनी पिशवी भरत होती. लोसालिनी दारात उभी राहिली.

"वहिनी, मीही ऐकलं. तो गुणगुणत होता."

"तो नव्हे, ती मोटर." मेरेओनीने घातलेली घडी पुन्हा मोडली. "उथळ पाण्यात प्रवाळ लागलं की हा इंजिन बंद करून पुढे बांबू घेऊन उभा राहायचा. मोटर मागे आपोआप वर यायची, डासासारखी गुणगुणत. विचारलं तर म्हणायचा, मी सांगतो आणि ती ऐकते. गावभर हेच सांगत सुटला होता. थट्टेखोर मेला."

"तो पुढे आणि मोटर मागे?"

"मग काय खोटं सांगते? जाताना तरी?"

लोसालिनी उंबऱ्यावर बसली. गुणगुण यंत्राची होती; आता आनंद व्हायला हवा होता. तिला भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

टाळी नाही

शुक्रवारी दुपारी, ओहोटीला.

"काका, आज टाळ्या नकोत," ती अपाकुकींना म्हणाली. "मी बहीण आहे. मला त्याला नीट ऐकू द्या."

बहिणीला नाही म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. इलिएसाने वाटी रिकामी केली. लाटांचा आवाज येत राहिला. मोटर ताठ.

"रुसला," इलिएसा म्हणाला. "टाळीशिवाय पाहुणा येत नाही."

"मग जागा बदलू. मी चटईवर बसते, तुम्ही त्याच्यासमोर उभे राहा. तुमची तर ओळख आहे."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो उठला.

लोसालिनीने चटईवरून तळवा फिरवला, एका उंचवट्यावर थांबवला, दाबला.

वीं...

सगळ्यांनी ऐकलं. मोटर इलिएसापुढे वाकली.

"म्हणजे, बाई, यानेच मारलं का?" एकाने अगदी गंभीरपणे विचारलं.

"नाही रे." तिने चटई ओढली. खाली बटण होतं आणि काठाच्या आतून मागेपर्यंत गेलेली वायर. "किटिओनेने मोडक्या मोठ्या इंजिनातला पंप काढून आपल्या मोटरीला बसवला. बटण दाबलं की पंप तेल ढकलतो, तेल दांडा सरकवतं, मोटर वर किंवा खाली होते. बटण पुढे आणलं, कारण उथळ पाण्यात त्याला इथे उभं राहावं लागायचं. हे त्याचं भूत नाही. हे त्याचं डोकं. आणि पंपाचा आवाज तुमच्या टाळ्यांनी झाकला. आणि आत्म्याला ऊन दाखवायचं म्हणून पंपाची बॅटरी सौर पत्र्याला जोडून भरायला कुणी लावली होती?"

इलिएसा रिकाम्या वाटीतली वाळू पुसू लागला.

"पोरी, पिशवी रिकामी कर," अपाकुकी मेरेओनीला म्हणाले. तिच्या डोळ्यांत त्यांना बघवलं नाही.

"मग तो गेला कशाने?" मागून कुणी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे," लोसालिनी म्हणाली. "तळावरचे ते समुद्रकाकडीचे जीव विकायला काढायचे म्हणून पाठीवर हवेची टाकी बांधून एका दिवसात तीनदा खोल उतरला. तिन्ही वेळा झटकन वर आला. अशाने रक्तात बुडबुडे होतात. सांधे दुखतायत म्हणाला, तर आपण तेल चोळत बसलो. बायकोला हाकललं म्हणून बुडबुडे कुणाला सोडणार नाहीत. सोमवारी कोण उतरणार आहे?"

चार हात वर झाले, सावकाश.

"मेलेल्याला विचारू नका. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारा, मला विचारा, जिवंत आहात तोवर विचारा."

तीन हात खाली आले. चौथा वरच राहिला.

"बाई, वर येताना किती थांबायचं?"

"बस," लोसालिनी म्हणाली. "सांगते."