दहा हजार चारशे तीन अंगठे

गणिताचे निवृत्त मास्तर कुणाचं वाईट करतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण त्यांच्या एका शब्दामुळे तीन माणसं भिंतीबाहेर राहणार होती.

त्यांची पुतणी मातीकाम करायची. नव्या वाचनालयाच्या भिंतीसाठी तिने गावातल्या लहानथोरांकडून ओल्या मातीच्या चौकोनी टाइलवर अंगठे उमटवून घेतले. भाजून निघाल्या दहा हजार चारशे तीन. सगळ्या मिळून एक आयत व्हायला हवा, एकही टाइल कापायची नाही, एकही जागा मोकळी ठेवायची नाही, हा तिचा हट्ट. काकांनी दोन दिवस भागाकार केले आणि सांगितलं, "मूळ संख्या आहे गं. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही. एकाच ओळीत लावत असशील तर बघ."

"एवढी लांब भिंत कुठून आणू, काका?"

शेवटी तिने शंभराच्या एकशे चार ओळी ठरवल्या. उरल्या तीन. लोकांना कसं वगळायचं? तिने स्वतःची, काकांची आणि गवंड्याची टाइल बाजूला काढली.

"म्हणजे भिंत मी सजवायची आणि माझाच अंगठा खिशात?" गवंडी माल कालवायची तयारी करत म्हणाला. "मास्तर, एवढी थोरली संख्या, आणि तिला कुठेच फट नाही?"

मास्तरांना ते लागलं. सिमेंटच्या पोत्यावर बसून ते पुटपुटू लागले. एकशे दोनचा वर्ग दहा हजार चारशे चार. एका टाइलसाठी चौरस हुकला की. हळहळता हळहळता ते एकदम सावरून बसले. वर्गातून एक वजा. म्हणजे एकशे दोनला एक कमी, गुणिले एकशे दोनला एक जास्त. तीस वर्षं आठवीच्या वर्गाकडून घोकून घेतलेलं सूत्र.

त्यांनी खिशातली वही काढली. मागच्या पानावर त्यांच्याच हातची मूळ संख्यांची यादी होती. ते तिच्यातल्या एकेका संख्येने भागत गेले होते. यादी सत्त्याण्णववर संपली, कारण तिथे पान संपलं होतं. पुढची संख्या होती एकशे एक.

मास्तरांचे कान तापले. गवंड्याने मालात पाणी ओतायला बादली उचललीच होती.

"थांबा. माझं चुकलंय," ते कसेबसे म्हणाले. "एकशे एकच्या एकशे तीन ओळी. सगळ्या बसतात."

पुतणीने कागदावर गुणाकार केला, पुन्हा एकदा केला, आणि हसत सुटली. "काका, पान संपलं म्हणून थांबलात?"

"शेजारी दुसरं पान कोरंच होतं," मास्तर खाली बघत म्हणाले. "पण यादी पुरी झाली असं वाटलं खरं."

"आमच्या पोराचा अर्धा मार्क कापायचे हे," गवंडी पुतणीला म्हणाला. "मास्तर, धरा आता दोरीचं टोक. आखणी पुन्हा करायचीय."

मास्तरांनी आठ दिवस दोरी धरली. शेवटची ओळ त्यांनीच मोजली. नव्व्याण्णवला पुतणीचा अंगठा बसला, शंभरला गवंड्याचा. स्वतःची टाइल दाबून बसवताना "एकशे एक" हे शब्द त्यांच्या तोंडून एवढ्या मोठ्याने निघाले, की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.