कडक चहाचं वाक्य

लायब्ररी म्हटलं की तुम्हाला पुस्तकांची कपाटं आठवतील. मी तसली नव्हे. मी संगणकात राहणारी, प्रोग्रामरच्या हाताखाली राबणारी लायब्ररी. मला एखादं इंग्रजी वाक्य द्या, तेच मी वेगळ्या शब्दांत फिरवून देते.

चार मित्रांनी मिळून मला घडवलं, ढीगभर वाक्यं भरवली आणि जगाला फुकट देऊन टाकलं. मग कुणी मला जाहिरातींना जुंपलं, कुणी दुसऱ्याचे निबंध आपले म्हणून खपवायला वापरलं. मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

एका मुलीने मात्र मला तिच्या बाबांसाठी आणलं. बाबा इंग्रजीचे शिक्षक होते. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाचायला रोज नवी वाक्यं द्या. तीच ती दिली की ते कंटाळतात." नोकरी सांभाळून ही बिचारी किती वाक्यं रचणार? तिने छोटासा प्रोग्राम लिहिला आणि मला कामाला लावलं.

बाबा पडद्याकडे बघायचे. ओठ हलायचे, पण आवाज फुटायचा नाही. मग ते तोंड फिरवायचे.

"अगं, पुरे आता. दमलेत ते," आई म्हणायची.

"एकच, आई. शेवटचं."

एका सकाळी मुलीकडून इंग्रजीत वाक्य आलं, बाबांना स्ट्राँग चहा आवडतो. मी 'स्ट्राँग'चा भाऊबंद शोधला आणि 'मस्क्युलर' ठेवून दिला. झाला चहा पिळदार दंडांचा!

बाबांनी वाचलं. भुवया चढल्या. पुन्हा वाचलं. डाव्या हाताचं बोट पडद्यावर आपटलं.

"चू... चूक!"

आई हातातलं काम टाकून धावत आली. "कोण बोललं?"

"चहा... मस्क्यु... छे! चूक!"

मुलगी हसत होती, रडतही होती. आई त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "अहो, आणखी एकदा रागवा ना!"

आता बाबा रोज माझी खरडपट्टी काढतात आणि मला ती गोड लागते. माझी नवी आवृत्ती आली आहे, फार हुशार आहे म्हणे. मुलीने ती घेतलीच नाही. "हिच्यावर ओरडायला त्यांना बरं वाटतं," म्हणाली.

बाबा अजून अडखळतात. मुलीचं नाव घेतानाही मध्येच थांबतात. तेव्हा ती ते सांगून टाकत नाही, नुसती त्यांचा हात धरून बसते. तुमच्याही घरी कुणी असं शब्द शोधत थांबलं, तर त्याचं वाक्य घाईने पुरं करू नका. मलाही करायला सांगू नका. जरा थांबा. ते बोलतील.